सुईदोऱ्याविना दिंडीचा पोशाख

शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस होतात न होतात, वह्या-पुस्तकांचा खर्च नुकताच निभावलेला असतो, बी-खताची उधारी दुकानाच्या वहीत लिहिलेली असते, आणि अशातच एका संध्याकाळी पोर दप्तर टाकता टाकता सांगते, "आई, परवा शाळेत दिंडी आहे. बाईंनी पोशाख करून यायला सांगितलंय." आषाढी एकादशी जवळ आली की गावोगावच्या घरांत हा निरोप येतो. घरातल्या बाईचा दिवस टोकणीत किंवा खुरपणीत गेलेला असतो, चूल पेटायची असते, आणि शिलाई यंत्र असलेच तर त्याच्यावर कपड्यांचा ढीग असतो.

तालुक्याच्या गावी पोशाख भाड्याने मिळतात, नाही असे नाही. पण भाडे द्यायचे, वर अनामत ठेवायची, आणायला एक खेप आणि परत द्यायला दुसरी खेप घालायची, म्हणजे पोशाखाच्या भाड्याहून एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज जास्त. एवढे करून हाती येतो तो नायलॉनचा चकचकीत अंगरखा, कोणाकोणाच्या अंगाला लागून आलेला. आणि तो आणणे जमले नाही, तर पोराचे त्या दिवशी सकाळी पोट दुखते. पोशाख नाही म्हणून घरी राहिलेल्या पोराची नोंद हजेरीपटावर नुसती 'गैरहजर' एवढीच होते. कारण तिथे कोणी लिहीत नाही.

म्हणून या आठवड्यात आपण घरातल्याच कपड्यांतून, सुई हातात न धरता, एका संध्याकाळी होणारा पोशाख पाहू. हा पोशाख आहे संत सावता माळी यांचा. विठोबा व्हायला सगळ्यांनाच हवे असते, पण दिंडीत विठोबा एकच लागतो. मुकुट, कुंडले, पीतांबर यांचा खटाटोपही त्याच्याच वाट्याला. शेतकऱ्याच्या घराला सावतोबांइतका सोपा आणि शोभणारा पोशाख दुसरा नाही, कारण त्याला लागते ते सगळे आपल्या घरात, नाहीतर बांधावर असतेच.

सावता माळी अरण गावचे. हे गाव सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. त्यांचा काळ 1250 ते 1295. मळ्यात राबता राबता त्यांनी अभंग रचले आणि काशिबा गुरव यांनी ते लिहून ठेवले. आपले काम सोडून ते पंढरीला गेले नाहीत, अशी परंपरा आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात. सावतोबांच्या भेटीला मात्र पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला जाते. मुलाला पोशाख चढवताना ही गोष्ट सांगावी. आपण कोण झालो आहोत हे पोराला कळले, की ते दिंडीत निराळ्याच ऐटीने चालते.

आता कपडे. सहा-सात वर्षांच्या मुलाला धोतरासाठी साधारण दोन मीटर लांबीचे सुती उपरणे पुरते. आजोबांचे जुने, धुऊन मऊ झालेले असेल तर उत्तम. नवे कडक कापड नीऱ्यांना दाद देत नाही. दहा वर्षांच्या मुलाला अडीच मीटर लागेल. उपरणे नसेल तर जुने पांढरे सुती लुगडे किंवा झिजलेली चादर घ्यावी. कडेला कात्रीने जरासा छेद द्यावा आणि कापड हातांनी सरळ फाडावे. सुती कापड धाग्याधाग्याने सरळ फाटते, आणि अशी फाडलेली कड वेड्यावाकड्या कापलेल्या कडेसारखी सुटत जात नाही. एका दिवसासाठी तिला दुमड घालण्याची मुळीच गरज नाही.

मुलाला आधी त्याची रोजची चड्डी आणि गंजीफ्रॉक घालावा. मग चड्डीच्या वरच्या कडेवर तीन बोटे रुंदीची एक सुती पट्टी कमरेभोवती बांधावी. सगळा पोशाख या पट्टीवर उभा राहतो, म्हणून ती विसरू नये. पट्टी बेताची आवळावी, आत दोन बोटे सहज गेली पाहिजेत. गाठ पुढे न घेता बाजूला, उजव्या कुशीवर घ्यावी आणि ती ओढताच सुटणारी असावी. का, ते पुढे सांगते.

कापडाची रुंदी मुलाच्या कमरेपासून घोट्यापर्यंत भरली पाहिजे. जास्त असेल तर वरची कड आत दुमडून घ्यावी. कापडाचा मध्य पाठीवर कमरेशी धरावा आणि दोन्ही टोके दोन्ही बाजूंनी पुढे आणावीत. दोन्ही वरच्या कडा बेंबीशी एकमेकींवर आणून एक साधी गाठ मारावी आणि गाठीच्या आजूबाजूचे कापड पट्टीत खोचावे. आता पुढे दोन सोगे लोंबतात. डावा सोगा चुण्या करून हातात गोळा करावा, दोन पायांमधून मागे न्यावा आणि पाठीमागे पट्टीत घट्ट खोचावा. हा झाला कासोटा. उजव्या सोग्याच्या चार-चार बोटांच्या नीऱ्या घालाव्यात. पाच नीऱ्या सहज होतात. त्या बेंबीशी पट्टीत खोचाव्यात आणि वरून आणखी एक पट्टी कमरबंदासारखी गुंडाळावी. मुलाला दोनदा बसायला, उठायला आणि उडी मारायला सांगावे. त्यातून जे सुटायचे ते घरीच सुटू द्यावे.

गाठ बाजूला आणि ओढताच सुटणारी का, तर पोराला लघवीला जायचे असते. दिंडी दोन तास चालते, पोर लाजते, कोणाला सांगत नाही, आणि मग पोशाखाची, त्याहून पोराच्या मनाची फजिती होते. बालवाडीतल्या मुलाला तर कासोट्याचे धोतर नेसवूच नये. त्याला उपरण्याचा साधा वेढा द्यावा, नीऱ्या पुढे खोचाव्यात, लांबून धोतरच दिसते. शाळेतल्या बाईंना किंवा मोठ्या बहिणीला गाठ कुठे आहे ते आधी दाखवून ठेवावे.

अंगात शाळेचाच पांढरा सदरा चालतो. त्याची कॉलर आत दुमडून टाकली आणि वरून खांद्यावर जाडेभरडे उपरणे घेतले की तो सदरा ओळखू येत नाही. उपरणे खांद्यावरून घसरते, तिथे सेफ्टीपिन लावायचा मोह होतो. लहान मुलाच्या अंगावर पिन नको. पळताना ती उघडते. त्याऐवजी आपल्या आज्यांची जुनी युक्ती करावी. सदऱ्याच्या आतून खांद्याशी हरभऱ्याचा एक दाणा धरावा, वरून सदरा आणि उपरणे यांचे दोन्ही पदर त्या दाण्यावर ओढावेत आणि दाण्याच्या खाली दोऱ्याचे सात-आठ वेढे देऊन गाठ मारावी. बटणासारखी घट्ट गाठ बसते, टोचत नाही, आणि संध्याकाळी दोरा ओढला की कापडाला भोकसुद्धा राहत नाही. लुगड्याचा पदर, ओढणी, कमरबंद, सगळीकडे ही गाठ कामी येते.

हरभरा डब्यातला, खायचा घ्यावा. हे मुद्दाम सांगते, कारण हे दिवस पेरणीचे आहेत आणि घरात बीजप्रक्रिया केलेले रंगीत बियाणे उरलेले असते. ते गुलाबी-लाल दाणे दिसायला मण्यांसारखे सुरेख, आणि मुले ते माळेसाठी उचलतात. त्यावर बुरशीनाशक, कीटकनाशक चोळलेले असते. पोशाखात, चित्रात, माळेत, कुठेही ते दाणे येऊ देऊ नयेत. तीच गोष्ट फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यांची. कितीही वेळा धुतला तरी तो डबा तुळशीवृंदावन करायला घेऊ नये. खताची गोणी उलटी करून अंगात चढवली की छान बंडी होते, असेही कोणी सुचवते. गोणीच्या विणीत खताची भुकटी राहते आणि घामाबरोबर अंगाला लागून ती चुरचुरते.

मुंडासे बांधायला साडेसहा हात लांब आणि एक वीत रुंद पट्टी लागते. जुन्या लुगड्याची, पांढरी किंवा तांबडी. आपल्याकडे फेटा गुडघ्यावर बांधून ठेवायची रीत आहे, पण गुडघ्याच्या मापाचे मुंडासे मुलाच्या डोक्याला घट्ट होते. त्यापेक्षा सुतळीने मुलाच्या डोक्याचा घेर मोजावा आणि त्याच घेराचे पातेले किंवा तांब्या शोधून पालथा घालावा. त्यावर मुलाची टोपी चढवावी. पट्टीला सैलसा पीळ देत देत टोपीच्या कडेवरून वेढे घ्यावेत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा तिरपा यावा. शेवटचे टोक आतल्या वेढ्यात दाबून खोचावे. अर्धा तास तसेच पातेल्यावर राहू दिले की पीळ बसतो आणि मुंडासे टोपीसारखे उचलून डोक्यावर ठेवता येते. पोराने ते काढून पुन्हा घातले तरी सुटत नाही. पोर मुंडासे दहा वेळा काढणार, हे धरूनच चालावे.

हातात खुरपे हवे. खरे खुरपे अजिबात देऊ नये, बोथट असले तरी नको. शंभर पोरांच्या गर्दीत ते कोणाच्या डोळ्याला लागेल सांगता येत नाही. पुठ्ठ्यावर आपलेच खुरपे ठेवून पेन्सिलीने त्याची कड गिरवावी आणि तसे दोन तुकडे कापावेत. ते खळीने एकमेकांना चिकटवून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवावेत. खळ घरचीच करावी. चमचाभर मैदा किंवा चाळलेली कणीक अर्धा कप पाण्यात कालवून, ढवळत ढवळत दाट होईपर्यंत शिजवली की झाली. पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालतात, आपण घालू नये. ते विषारी असते आणि पोराचे हात तोंडात जातात. पावसाळी हवेत खळ लवकर वाळत नाही, तेव्हा पुठ्ठा चुलीच्या उबेला ठेवावा. वाळल्यावर बिस्किटाच्या पुड्यातला चंदेरी कागद त्यावर चढवावा. तुरकाठीचा वीतभर तुकडा घेऊन त्याचे टोक मधोमध चिरावे, त्यात खुरपे बसवून वरून सुतळी गच्च गुंडाळावी. काठीची दुसरी बाजू दगडावर घासून गुळगुळीत करावी.

दुसऱ्या हातात लहानशी दुरडी. तिच्यात दोन कांदे, एक मुळा पाल्यासकट, मेथीची किंवा कोथिंबिरीची जुडी. बस्स. दुरडी भरून टाकायचा मोह आवरावा, ओझे पोरालाच वाहायचे असते. पाला कोमेजू नये म्हणून भाजीचे देठ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत.

गळ्यात माळ. मोठ्या माणसाची लांब माळ मुलाच्या पोटाखाली लोंबते आणि कशालाही अडकते, म्हणून तिच्या नादी लागू नये. जुन्या वहीच्या पानाच्या निमुळत्या पट्ट्या कापाव्यात, खराट्याच्या काडीवर रुंद बाजूकडून गुंडाळत जाव्यात, टोकाला खळ लावावी आणि काडी ओढून काढावी. मण्याला भोक आपोआप राहते. चहाच्या दाट पाण्यात हे मणी क्षणभर बुडवून वाळवले की लाकडी दिसतात. हे काम आठ-दहा वर्षांची मुले आवडीने करतात, त्यांच्याकडेच सोपवावे. ओवायला साधा कच्चा सुती दोरा घ्यावा, नायलॉनचा नको. माळ कुठे अडकली तर दोरा तुटला पाहिजे, गळा आवळता कामा नये. मण्यांसाठी बांधावरच्या बिया गोळा करणार असाल तर एक सांगून ठेवते: लाल-काळी गुंज आणि एरंडाची बी मुलांच्या हातात देऊ नका. दोन्ही विषारी आहेत, आणि चावून खाल्ल्या गेल्या तर जिवावर बेतते.

कपाळाला गोपीचंदनाचा नाम आणि बुक्का लावावा. मिशा हव्याच असतील तर घरच्या काजळाने काढाव्यात. कापसाची दाढी डिंकाने चेहऱ्याला चिकटवणे, रंगपंचमीचे उरलेले रंग फासणे, तेलरंग लावणे असले प्रकार नकोत. कातडी लाल होते आणि रात्रभर पोर रडते. विठोबा होणाऱ्या मुलाचे तोंड काळे रंगवायची पद्धतही काही ठिकाणी आहे. मला ती पटत नाही. कमरेवर हात ठेवून मूल ताठ उभे राहिले की तो विठोबा झालाच, त्याला आणखी रंग कशाला.

घरात मुलगी असेल तर तिला सावता माळी करायला काहीच हरकत नाही, मुंडासे मुलीलाही छान दिसते. पण तिला बाईचाच वेष हवा असेल तर जनाबाई करावी. जनाबाई मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या, आणि पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबत. जुन्या पाचवारी सुती साडीचा पदराकडचा साडेतीन मीटरचा भाग घ्यावा. रुंदी जास्त होते, म्हणून वरची बाजू आत दुमडावी. कमरेच्या पट्टीवर एक वेढा, मग पाच नीऱ्या, मग मागून फिरवून पदर डाव्या खांद्यावरून डोक्यावर. खांद्याशी हरभऱ्याची गाठ मारली की पदर हलत नाही. जाते करायच्या खटपटीत पडू नये. जनाबाईंच्या गोवऱ्यांमधून विठ्ठलाचे नाव ऐकू येत असे, ही कथा कीर्तनात आपण सर्वांनी ऐकली आहे. तेव्हा पाटीत चांगल्या वाळलेल्या दोन गोवऱ्या ठेवल्या की पोशाख पुरा झाला. शहरातल्या पोराला हे साहित्य दुकानात हुडकावे लागेल, आपल्याला ते परसात मिळते.

एकाच घरातली दोन भावंडे असतील तर एक सावता आणि दुसरा काशिबा गुरव व्हावा. धोतर तसेच नेसवावे, मुंडाशाऐवजी साधी टोपी, हातात जुनी वही आणि बोरू म्हणून ज्वारीच्या ताटाचा तासलेला तुकडा. दोघे शेजारी शेजारी चालले की गोष्ट पुरी होते.

आणखी एक बोलायचे राहिले, ते जरा नाजूक आहे. कोणत्या पोराने ज्ञानोबा व्हायचे आणि कोणी चोखोबा, हे काही ठिकाणी नकळत आडनावावरून ठरते. मास्तर म्हणतात तसे नव्हते, आणि नसेलही. पण पोरांना ते कळते. तुमच्या मुलाला त्याच्या मनाविरुद्ध एखादा वेष मिळाला असेल तर शाळेत जाऊन शांतपणे बोलावे, आणि आपल्या घरात "तो कशाला, तो तर त्यांचा" असे शब्द पोरासमोर निघू देऊ नयेत. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, वय पाहत नाहीत की जात. पोरांच्या दिंडीत चिठ्ठ्या टाकून नावे वाटली तरी चालण्यासारखे आहे.

दिंडीच्या दिवशी सकाळी मुलाला पोटभर खाऊ घालावे. एकादशी असली तरी लहान मुलाला उपाशी चालवू नये. गर्दीत, उभ्याउभ्या घेरी येते. पायात वहाणा असू द्याव्यात. अनवाणी चालण्याची हौस असली तरी पावसात वाटेवरचे काटे आणि काचा चिखलात दिसत नाहीत. डोक्यावर तुळस द्यायची असेल तर मातीची कुंडी नको. तुपाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्याला गेरूने रंगवलेला कागद गुंडाळावा, आत काथ्या भरून तुळशीच्या चार डहाळ्या रोवाव्यात आणि डोक्यावर कापडाची चुंबळ द्यावी. पेटता दिवा कोणाच्याच हातात नको, लोंबत्या पदरांच्या रांगेत तर नकोच.

शाळा लांब असेल आणि मूल मोटारसायकलवर जाणार असेल, तर पोशाख घरून घालून पाठवू नये. उपरण्याचा सोगा किंवा पदर चाकात गेला तर काय होते ते वेगळे सांगायला नको. सगळे कपडे मुंडाशासकट एका पिशवीत, पिशवी प्लास्टिकच्या कागदात, आणि बरोबर धोतर नेसवता येणारे एक माणूस. आजोबा मोकळे असतील तर त्यांनाच धाडावे. धोतर नेसवायला त्यांच्याइतका तरबेज हात दुसरा नाही, आणि आपल्या पोराचे झाल्यावर ते आणखी चार पोरांची धोतरे नेसवून देतात.

बोलायला चार वाक्ये पुरेत. लांबलचक भाषण पाठ करून घेतले की पोर मधेच अडते आणि पोशाखाचा आनंद जातो. एवढे म्हणायला शिकवावे: "माझे नाव सावता. मी अरण गावचा माळी. मी मळ्यात भाजी लावतो, खुरपतो, पाणी देतो. कामात मला विठ्ठल भेटतो, आणि त्याची पालखी माझ्या गावाला येते." पुढे "पुंडलिक वरदा" म्हटले की बाकीची पोरे पुरे करतातच.

संध्याकाळी दोरे ओढून गाठी सोडवाव्यात, उपरणे आणि पट्ट्या साध्या पाण्यात खळबळून दोरीवर टाकाव्यात. गोपीचंदनाचा डाग लगेच निघतो, बुक्क्याचा राहिला तर साबण लावून थोडा वेळ ठेवावा. मुंडाशाची पट्टी गुंडाळून पेटीत ठेवावी, पुढच्या वर्षी धाकट्याला लागेल. गोवऱ्या चुलीत आणि कांदे टोपलीत जातील. मुळ्याचा पाला दिवसभरात मलूल झाला असला तरी बारीक चिरून डाळ घालून परतला की छान लागतो, आणि त्या दिवशी सावतोबा ती भाजी न कुरकुरता खातात.